कॅमेऱ्याची पिशवी

कॅमेरा, त्याची जादा भिंगे, फ्लॅश, विद्युत् घट, मेमरी कार्डे इ. साहित्य एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना धक्का, धूळ, पाणी व चोरी यांपासून त्याचे रक्षण व्हावे आणि आयत्या वेळी ते चटकन हाती यावे, या हेतूने तयार केलेली पिशवी किंवा पेटी. या दोन हेतूंत मुळातच विरोध आहे. आवरण जितके जाड व बंदिस्त, तितका कॅमेरा बाहेर काढण्यास वेळ अधिक लागतो. आणि तो जितका सहज हाती येईल, तितका तो उघडा पडतो. बाजारात मिळणारे सर्व प्रकार म्हणजे या दोहोंमधील निरनिराळ्या तडजोडी होत. त्यामुळे काम कोणते, प्रवास कशाने आणि हवामान कसले, हे ठरविल्यावाचून पिशवी चांगली की वाईट हे सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट प्रारंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. पिशवी ही साहित्य वाहून नेण्यासाठी असते, साठवून ठेवण्यासाठी नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने आपल्याकडे जितकी भिंगे निकामी होतात, तितकी ती हातातून पडूनही होत नसावीत.

इतिहास : छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात पिशवीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता तो बैलगाडीचा. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचपट्टीवर लेप देणे, ती प्रकाशित करणे व विकसित करणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांच्या अवधीत, उरकावी लागत. साहजिकच छायाचित्रकाराला लाकडी कॅमेरा, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू असे सारे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि पुढील दशकात रॉबर्ट गिल यांनी अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची छायाचित्रे घेतली, ती अशा परिस्थितीत. जिलेटिनच्या कोरड्या काचपट्ट्या आल्यावर तंबू गेला, परंतु काचेचे वजन राहिलेच. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबाद संस्थानातील वास्तूंची जी चित्रे घेतली, ती मोठ्या काचपट्ट्यांवरच. त्यांच्या सामानासाठी कप्पे पाडलेल्या भक्कम पेट्या हेच योग्य आवरण होते.

गुंडाळीच्या फिल्ममुळे (१८८८ नंतर) आणि विशेषतः ३५ मिमी. फिल्मच्या लायका कॅमेऱ्यामुळे (१९२५) कॅमेरा माणसाच्या अंगावर आला. कॅमेरा आत ठेवूनच छायाचित्र घेता यावे, अशी पुढची झडप खाली पडणारी चामड्याची बेतीव आवरणे या काळात रूढ झाली. भारतात बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक ३’ या साध्या कॅमेऱ्याबरोबर असे आवरण घेण्याची पद्धत होती. जुन्या घरांतील कपाटांत ते आजही सापडते; मात्र त्याची शिवण उसवलेली व आतील अस्तर बुरशीने काळे झालेले असते. याच काळात स्टुडिओवाल्यांनी दुहेरी भिंगांच्या याशिका कॅमेऱ्यासाठी खांद्याला अडकविण्याची चामडी पेटी पसंत केली.

आजच्या पिशव्यांचे दोन मुख्य नमुने १९७०–८० या दशकात निर्माण झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वृत्तछायाचित्रकार जिम डोम्की यांनी जाड अस्तर नसलेली, कमरेला बिलगणारी कॅनव्हासची पिशवी तयार केली. इंग्लंडमधील बिलिंगम या उत्पादकाच्या, मासे पकडण्याचा छंद असणाऱ्यांसाठी केलेल्या पिशव्या न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार वापरू लागले, तेव्हा त्या उत्पादकाने आपला रोखच बदलला. पाठीवरच्या पिशव्यांचे तंत्र गिर्यारोहकांकडून आले. फोमचे अस्तर व वेलक्रोने हलविता येणारे दुभाजक यांमुळे एकच पिशवी निरनिराळ्या साहित्यास जुळवून घेणे शक्य झाले. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मच्या डब्यांची जागा घट, प्रभारक व कार्डे यांनी घेतली, इतकेच, ओझे फारसे कमी झाले नाही [⟶ कॅमेरा, छायाचित्रण].

प्रकार : (१) खांद्यावरची पिशवी. हिला एकच रुंद पट्टा व वर झडप असते. उभ्याउभ्या भिंग बदलण्यास हिच्यासारखी सोय नाही, म्हणून समारंभांत व वृत्तसंकलनात ती टिकून आहे. दोष एकच, परंतु मोठा : सर्व भार एका खांद्यावर पडतो. पट्टा घसरू नये म्हणून माणूस नकळत तो खांदा उचलून धरतो आणि मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. पट्टा विरुद्ध खांद्यावरून तिरपा घेतल्यास घसरणे थांबते, भार मात्र तोच राहतो. (२) पाठीवरची पिशवी. हीत भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो आणि रुंद कंबरपट्टा असल्यास त्याचा बराच भाग कमरेच्या हाडांवर उतरतो. कंबरपट्टा नसलेली किंवा तो नुसता नावाला असलेली पिशवी मोठ्या साहित्यासाठी घेऊ नये. हिचा तोटा असा की, साहित्य काढण्यासाठी ती बहुधा खाली ठेवावी लागते. चिखलात किंवा गर्दीत ते जमत नाही, आणि पाठीला लागणारी बाजू त्याच चिखलाने माखून पुन्हा अंगावर घ्यावी लागते. म्हणून जिचे दार पाठीच्या बाजूने उघडते, ती पिशवी अधिक बरी. तिचे दार चालताना मागच्या माणसालाही उघडता येत नाही. (३) तिरप्या एका पट्ट्याची, पाठीवरून पुढे ओढून घेता येणारी पिशवी. एक कॅमेरा व एखादे भिंग यांपुरती ती सोयीची असते. याहून अधिक भार घातला की ती छातीवर काचते. (४) कमरेची पिशवी. ही चालताना चांगली, बसताना गैरसोयीची. (५) कठीण पेटी. ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची, कडांना रबरी पट्टी असलेली ही पेटी पाणी व धूळ जवळजवळ पूर्णपणे रोखते. चित्रपट व दूरदर्शनचे पथक ती मोटारीतून नेते. एकट्या माणसाच्या उपयोगाची ती नाही. (६) नुसता आतला डबा. हा फोमचा, दुभाजकांसह स्वतंत्रपणे मिळतो व कोणत्याही साध्या दप्तरात बसतो. कमी खर्चाचा आणि बाहेरून कॅमेरा असल्याचा संशय येऊ न देणारा हा पर्याय जितका वापरला जावा तितका वापरला जात नाही.

निवड : पिशवी पाहण्यापूर्वी साहित्याची यादी करावी, आपल्याजवळ काय आहे त्याची नव्हे, तर एका वेळी बरोबर काय न्यावे लागते त्याची. जवळ असलेले सर्व काही मावेल अशी पिशवी घेतली की ती सदैव भरलेलीच राहते आणि न लागणारे भिंगही वर्षानुवर्षे खांद्यावरून हिंडते. दोन लहान पिशव्या एका मोठ्या पिशवीपेक्षा बहुधा अधिक उपयोगी पडतात.

यादी, वाट व हवामान यांनी निवड कशी बदलते, हे एका जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा (१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा) हा त्यासाठी सोयीचा आहे. कारण औंढा नागनाथचे प्राचीन मंदिर, संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी, सिद्धेश्वर व इसापूर हे जलाशय, वसमतची हळद बाजारपेठ आणि हिंगोलीचा दसरा महोत्सव असे छायाचित्रणाचे अगदी भिन्न विषय तेथे थोड्या अंतरात येतात. काळ्या मातीची धूळ, मे महिन्यात ४०° से. च्या वर जाणारे तापमान आणि जूनपासूनचा पावसाळा यांचाही अनुभव एकाच वर्षात मिळतो.

औंढा येथील ज्योतिर्लिंगाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद वाटेने वाकून खाली उतरावे लागते. महाशिवरात्रीच्या गर्दीत पाठीवर फुगलेली पिशवी घेऊन जाणारा माणूस स्वतःला व इतरांना अडथळा होतो. वळताना आपल्या पाठीमागे किती जागा व्यापली आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय अनेक मंदिरांत गाभाऱ्यात छायाचित्रण करू देत नाहीत; कॅमेरा बाहेर ठेवावा लागल्यास तो कोणाच्या स्वाधीन करावयाचा हा प्रश्न उभा राहतो. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पपट्टांचे चित्रण करावयाचे असेल, तर एक कॅमेरा, एक लहान व एक मध्यम केंद्रांतराचे भिंग एवढेच पुरते आणि तेवढ्याला खांद्यावरची लहान, चपटी, चेनने पूर्ण बंद होणारी पिशवी योग्य. गर्दीत ती पोटावर घेता येते. झडपेची पिशवी अशा ठिकाणी नको. झडप उचलली की आतले सर्व काही दिसते. नर्सीच्या यात्रेत हीच गोष्ट लागू पडते. कीर्तनाला बसावयाचे असल्यास आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. वेलक्रो उघडताना होणारा फाटल्यासारखा आवाज शांत क्षणी साऱ्या मंडपात ऐकू जातो. दाबाचे बटण किंवा चुंबक असलेली पिशवी अशा वेळी सभ्य ठरते.

सिद्धेश्वर किंवा इसापूर जलाशयावर हिवाळी पक्ष्यांसाठी जाणाऱ्याची गरज नेमकी उलटी असते. त्याचे एकच भिंग मोठे असते. १५०—६०० मिमी. केंद्रांतराच्या सामान्य भिंगाचे वजन सु. २ किग्रॅ. व बंद स्थितीतील लांबी सु. २६ सेंमी. असते. ते कॅमेऱ्याला जोडूनच न्यावे; कारण पाण्याच्या काठावर वाऱ्यात भिंग लावत बसणे म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर धूळ घालणे होय. जोडलेल्या स्थितीतील एकूण लांबी ३५ सेंमी. च्या आसपास जाते, म्हणून पिशवीच्या आतील उभी लांबी ४० सेंमी. तरी असावी. बाहेरची लांबी पाहून फसू नये. फोमची जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते. येथे पाठीवरचीच पिशवी हवी, कंबरपट्टा खरा हवा आणि तिपाईसाठी बाजूला नव्हे तर मध्यभागी बंद असावा; बाजूला बांधलेली तिपाई चालणाऱ्याला एकीकडे ओढते. पिशवीचा बुंधा मेणकापडाचा किंवा रबरी असल्यास ओल्या काठावर ठेवता येते. रंगाबद्दल बराच विचार केला जातो, पण पक्षी पिशवीपेक्षा माणसाच्या हालचालीला अधिक भितात.

विवाहसमारंभाचे छायाचित्रण हा जिल्ह्यातील व एकूणच ग्रामीण महाराष्ट्रातील छायाचित्रकारांचा मुख्य व्यवसाय. येथे पिशवीवर उपजीविका अवलंबून असते, म्हणून तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे. कॅमेऱ्याचे दोन सांगाडे (प्रत्येकी सु. ८०० ग्रॅ.) १·६ किग्रॅ.; २४—७० मिमी. भिंग ०·९ किग्रॅ.; ७०—२०० मिमी. भिंग १·५ किग्रॅ.; एक लहान भिंग ०·४ किग्रॅ.; दोन फ्लॅश ०·९ किग्रॅ.; घट व प्रभारक ०·६ किग्रॅ. असे धरल्यास ५·९ किग्रॅ. होतात. एवढे साहित्य नेणारी पिशवी रिकामीच सु. १·८ किग्रॅ. भरते. म्हणजे ७·७ किग्रॅ. ओझे झाले. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे, ६० किग्रॅ. वजनाच्या छायाचित्रकाराने हीच कसोटी लावली, तर तो दर लग्नात ती ओलांडतो. अशा कामात साहित्य आणण्यासाठी पाठीवरची मोठी पिशवी व मांडवात हिंडण्यासाठी कमरेची किंवा खांद्यावरची लहान पिशवी, अशी जोडी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग. मोठी पिशवी वधूपक्षाच्या खोलीत ठेवावयाची तर तिला कुलूप लागेल अशी चेन हवी. त्याहून बरे म्हणजे आपल्या साहाय्यकाने ती नजरेआड होऊ न देणे.

हळदीच्या कार्यक्रमाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. ओली हळद कॅमेऱ्याच्या पकडीवर, पट्ट्यावर आणि तेथून पिशवीच्या अस्तरावर येते. हळदीचा पिवळा रंग साबणाने पुरता जात नाही, तथापि तो उन्हात फिका पडतो. म्हणून दुभाजक सुटे करून उन्हात घालता येतील अशी पिशवी घ्यावी. वसमतच्या बाजारात किंवा हळद शिजवून घोळण्याच्या जागी चित्रण करताना प्रश्न वेगळा येतो : तेथे कोरडी, अतिशय बारीक पूड हवेत तरंगत असते. ती चेनच्या दातांतून आत शिरते आणि भिंगाच्या फिरत्या कड्यांत बसते. अशा ठिकाणी एका कॅमेऱ्यावर एकच भिंग लावून जावे, पिशवी मोटारीत किंवा बंद खोलीत ठेवावी आणि परतल्यावर ती उघडण्याआधी बाहेरून झटकावी.

घरगुती छायाचित्रे घेणाऱ्यास यांतील काहीच लागत नाही. त्याचा कॅमेरा आता बहुधा भ्रमणध्वनीतच असतो. वेगळा कॅमेरा असल्यास तो नेमका बसेल एवढी लहान पिशवी व तीत जादा घट ठेवण्याचा एक कप्पा पुरे.

प्रवासाचे साधन : हिंगोलीसारख्या जिल्ह्यात छायाचित्रकाराचे वाहन म्हणजे मोटारसायकल. तिच्या मागील वाहकावर बांधलेल्या पेटीला इंजिनाचे व रस्त्याचे सततचे कंपन थेट मिळते. त्यामुळे भिंगातील बारीक स्क्रू सैल होऊ शकतात आणि चित्र स्थिर ठेवण्यासाठी भिंगात बसविलेल्या तरंगत्या घटकांनाही ते कंपन मानवत नाही. पिशवी पाठीवर घेतली की माणसाचे शरीरच कंपन शोषून घेते. मात्र पडल्यास पाठीच्या कण्याशी असलेला धातूचा कॅमेरा इजा करू शकतो. दोन्हींत धोका असला, तरी कंपन रोजचे व अपघात क्वचित्, म्हणून बहुतेक जण पाठीवरची पिशवी पसंत करतात. तीत पाठीच्या बाजूला जाड फोम आणि कठीण वस्तू बाहेरच्या अंगास, अशी मांडणी करावी. दोन्ही पट्टे छातीवर जोडणारा आडवा बंद असल्याशिवाय दुचाकीवर पाठीची पिशवी घेऊ नये. बारीक खांद्याच्या व्यक्तींना तर तो चालतानाही लागतो. एस.टी. बसमध्ये वरच्या फळीवर न ठेवता ती मांडीवर घ्यावी, कारण तीव्र वळणावर फळीवरचे सामान सरकते. विमानाने जाताना देशांतर्गत प्रवासात हातातील सामानाची मर्यादा साधारणतः ७ किग्रॅ. असल्याने वर हिशेब केलेली पिशवी नियमात बसत नाही. परंतु जादा लिथियम घट मोठ्या सामानात टाकण्यास मनाई आहे. ते हातातच न्यावे लागतात. म्हणून भिंगे व घट जवळ ठेवून तिपाई व प्रभारक सामानात द्यावेत.

उन्हाळ्यात बंद मोटारीतील तापमान ६०° से. च्या वर जाऊ शकते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत वापरासाठी ४०° से. ही मर्यादा दिलेली असते. काळी पिशवी उन्हात अधिक तापते, तथापि फिक्या रंगाच्या पिशव्या बाजारात कमी आहेत. वर पांढरे सुती कापड टाकण्याचा साधा उपाय त्यापेक्षा सोपा.

द्रव्ये व बांधणी : फोमचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू एक सेंटिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट मंदन कार्य करते. एक मिलिमीटर अंतरात थांबली, तर हजारपट. म्हणजे फोमची जाडी महत्त्वाची नसून तो किती दाबला जातो, ते महत्त्वाचे. बोट लावताच तळाशी जाणारा मऊ स्पंज पडत्या कॅमेऱ्याखाली आधीच चपटा होतो व जणू नसल्यासारखाच राहतो. लाकडासारखा टणक फोम दाबलाच जात नाही. अंगठ्याने जोर दिल्यावर अर्धा दबणारा आणि सोडताच पूर्ववत होणारा फोम योग्य. बुंध्याची जाडी कडांपेक्षा अधिक असावी, कारण पिशवी बहुधा खाली आपटते.

पॉलियुरेथेन फोम उष्ण व दमट हवेत काही वर्षांनी कुजतो. त्याचा चिकट भुगा होऊन तो कॅमेऱ्याच्या कातडी आवरणाला व भिंगाच्या काचेला चिकटतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांत हे नेहमी आढळते. पॉलिएथिलीन फोम या बाबतीत अधिक टिकाऊ. कापडाच्या आतील बाजूस पाणी रोखण्यासाठी दिलेल्या पॉलियुरेथेनच्या लेपाचीही तीच गत होते. तो प्रथम चिकट होतो व नंतर पापुद्र्यांनी सुटतो. स्वस्त पिशवी उन्हाळ्यात माळ्यावर टाकून ठेवली की हे लवकर घडते. नायलॉन कापडाची जाडी डेनियर या एककात सांगतात, ९,००० मी. धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. रोजच्या कामास ५०० ते १,००० डेनियरचे विणकाम पुरते. कॅनव्हास अधिक मऊ व आवाज न करणारा, परंतु भिजल्यावर जड होतो व उशिरा वाळतो.

खरे पाहता पिशवी कापडापाशी क्वचित् फाटते. ती निकामी होते ती चेन, बक्कल व पट्ट्याची शिवण या तीन जागी. चेनचे दात मोठे असावेत. वळणाच्या कोपऱ्यांवर ती अडकते का, ते पिशवी भरून पाहावे. पट्टा जेथे जोडलेला आहे, तेथे चौकोन व त्यात फुली अशी दुहेरी शिवण असावी आणि तो पट्टा शक्यतो पिशवीच्या बुंध्याखालून फिरून आलेला असावा. बुंध्याखालून नेलेला पट्टा शिवण उसवली तरी पिशवी सोडत नाही. पाण्यापासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी पिशवी बहुधा शिंतोडेच रोखते. सुईने पाडलेल्या छिद्रांतून व चेनमधून जोराचा पाऊस आत येतोच. यासाठी वरून घालण्याची सुटी खोळ हवी. ती पिशवीला कायमची शिवलेली नसावी. ओली खोळ बंद कप्प्यात राहिल्यास ओल पुन्हा आत जाते.

दमटपणा व बुरशी : भिंगाच्या काचेवर कवकाचे (बुरशीचे) धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली आणि अंधार असला की त्यांची वाढ होते. भिजून आलेली, चेन लावून कोपऱ्यात ठेवलेली कॅमेऱ्याची पिशवी या तिन्ही अटी पूर्ण करते. फोम व अस्तर ओल धरून ठेवतात. चामडे तर त्याहून अधिक, शिवाय ते स्वतःच कवकाचे अन्न होते. धागे काचेवरच्या लेपात रुतले की पुसूनही खुणा उरतात आणि दुरुस्तीचा खर्च भिंगाच्या किमतीच्या जवळ जातो. कोकणात हे सर्वांना ठाऊक असते. मराठवाड्यासारख्या कोरड्या मानल्या गेलेल्या प्रदेशात मात्र जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत सावधगिरी राहत नाही. आणि लग्नसराई संपल्यावर साहित्य पिशवीतच पडून राहते, तेही नेमके याच महिन्यांत.

म्हणून घरी आल्यावर पिशवी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवावी. साहित्य आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणाऱ्या विजेच्या कपाटात ठेवावे. ते परवडत नसल्यास झाकणाला रबरी कडे असलेला स्वयंपाकघरातील हवाबंद डबा व त्यात सिलिका जेल हा उपाय तितकाच शास्त्रीय आहे. सिलिका जेलची पुडी पिशवीत टाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती जवळजवळ निरुपयोगी आहे. पिशवी हवाबंद नसल्याने ती पुडी बाहेरच्या हवेतील ओल शोषत बसते व थोड्याच दिवसांत संपृक्त होते. रंग बदलणारे निळे मणी गुलाबी झाले, किंवा नारिंगी मणी हिरवे झाले की ते सु. ११०° ते १२०° से. तापमानात तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी संयुग असते. ते अन्न शिजविण्याच्या भांड्यात तापवू नयेत.

एका बाबतीत मात्र बंद पिशवीच उपयोगी पडते. थंड केलेल्या सभागृहातून किंवा मोटारीतून पावसाळी हवेत एकदम बाहेर पडल्यास थंड काचेवर दव साचते. बाहेर येण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घालून चेन लावावी व अर्ध्या तासाने काढावा. फोममुळे तो हळूहळू उबदार होतो आणि दव बाहेरच्या कापडावर राहते.

चोरी व हानी : पिशवीवरील उत्पादकाचे ठळक नाव चोराला आतील वस्तूंची जाहिरातच करते. ते उसवून किंवा झाकून टाकणारे छायाचित्रकार शहाणे म्हणावे लागतील. साहित्याचे अनुक्रमांक, खरेदीच्या पावत्या व विम्याची कागदपत्रे पिशवीच्याच कप्प्यात ठेवणारे काही कमी नाहीत. पिशवी गेली की पुरावाही जातो. याहून गंभीर चूक म्हणजे भरलेली मेमरी कार्डे पिशवीत ठेवणे. कॅमेरा कर्ज काढून पुन्हा घेता येतो. सप्तपदीचे छायाचित्र किंवा वर्षभरात वारलेल्या आजोबांचे मांडवातील शेवटचे चित्र पुन्हा घेता येत नाही, आणि लहान गावात त्या एका प्रसंगाने छायाचित्रकाराची पतही जाते. ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात, त्यात दोन्हींवर चित्रे नोंदवावीत आणि त्यांतील एक कार्ड काढून अंगावरच्या, बटण लागणाऱ्या खिशात ठेवावे. पिशवीत कार्डांसाठी केलेले सुबक कप्पे फक्त रिकाम्या कार्डांसाठी वापरावेत.

खरेदी व निगा : खरेदीला जाताना आपले साहित्य बरोबर न्यावे. ते पिशवीत भरून दुकानातच पंधरा मिनिटे पिशवी अंगावर ठेवून उभे राहावे. नंतर न पाहता एका हाताने कॅमेरा काढून पाहावा. पट्टा खांद्यावर किती रुतला आणि कॅमेरा काढताना कशात अडकला, ते तेवढ्यात कळते. दूरवरून मागविलेली पिशवी परत करता येत असेल, तरच मागवावी. स्थानिक पिशव्या शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी करवून घेऊन तीत फोमचा सुटा डबा बसविल्यास ती अनेकदा तयार मालापेक्षा टिकते. चेन मात्र चांगल्या प्रतीची आपण आणून द्यावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, दुभाजक काढून पिशवी उलटी झटकावी, कोपऱ्यांतील माती कोरड्या कुंचल्याने काढावी आणि चेनच्या दातांवर मेणबत्तीचे टोक घासावे. धुण्याची वेळ आल्यास सौम्य साबण व थंड पाणी वापरावे, यंत्रात घालू नये, आणि उलटी टांगून सावलीत दोन दिवस वाळवावी. हाताला कोरडी लागली, तरी फोमच्या आत ओल आणखी एक दिवस राहते.